दोडामार्गच्या सखल जंगलात बेडूक-सापांची पाहणी: बारा रात्री, चार माणसं, पद्धत कोणती?

काजरा

नमस्कार मंडळी,

दोडामार्ग तालुक्यातल्या एका गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची यादी करायची आहे. जागा तिळारी खोऱ्याच्या पायथ्याला, उंची साधारण ५० ते १५० मीटर. निमसदाहरित जंगल, त्यातला बारमाही व्हाळ (ओढा), छोटी देवराई, काजूची बाग, रबराची लागवड आणि जांभ्याचा सडा (कातळपठार) असे सहा अधिवास एकमेकांना लागून आहेत.

माणसं चार. दोघांना बेडकांचे आवाज बऱ्यापैकी ओळखता येतात. वर्षभरात मिळून बारा रात्री आणि त्यांना जोडून येणारे दिवस एवढाच वेळ आहे. सध्याचा विचार असा, की जुलैत सलग बारा रात्री मुक्काम ठोकायचा, जंगलात बादल्या पुरून सापळे लावायचे आणि रात्री मोकळं फिरून दिसेल ते नोंदवायचं.

बादल्यांचे सापळे कोकणच्या पावसात चालतात का? बारा रात्री कशा वाटाव्यात? आणि यादी पुरेशी झाली हे कशावरून ठरवायचं? परवानगीबद्दलही सांगा.

---

व्हाळकाठ

सलग बारा रात्री जुलैत घालवू नका, ही पहिली विनंती. एकाच महिन्यात कितीही फिरलात तरी त्या महिन्यात गप्प असणारा बेडूक यादीत येणार नाही. मोठा बेडूक (होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) पहिल्या दमदार पावसात दोन-चार रात्रींत प्रजनन उरकतो. नर पिवळेधमक झालेले तेव्हाच दिसतात. झुडूपबेडूक जून-जुलैत सर्वांत जास्त ओरडतात. मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी पाण्यावर लोंबणाऱ्या पानांवर पावसाळाभर सापडतात. सरडे, पाली आणि बरेच साप पाऊस ओसरल्यावर सोपे जातात. दुरंगी बेडकाचे काळे टॅडपोल थव्याने डोहात दिसतात, तेही पावसानंतरच्या महिन्यांत.

माझ्या मते वाटणी अशी: मॉन्सून स्थिरावताच जूनमध्ये ४ रात्री, जुलैअखेर ते ऑगस्ट ४, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर २, फेब्रुवारीत २. जूनच्या रात्रींची तारीख कॅलेंडरवर ठरवू नका, पावसावर ठरवा. बॅगा भरून ठेवायच्या आणि पहिला सलग पाऊस झाला की निघायचं.

आता रात्रीचं काम. "मोकळं फिरून दिसेल ते" यातून यादी मिळेल, पण काजूत खरंच कमी बेडूक आहेत की तिथे तुम्ही कमी फिरलात, हे कधीच सांगता येणार नाही. त्यासाठी पट्टे आखा. प्रत्येक अधिवासात दोन, म्हणजे एकूण बारा. लांबी १०० मीटर, दोन्ही बाजूंना २-२ मीटर. दर १० मीटरवर क्रमांकाची रिबीन बांधा, कारण दाट झाडीत जीपीएस सहज १० मीटरपेक्षा जास्त चुकतो आणि मग पट्टा दर वेळी सरकतो. काम संपल्यावर रिबिनी काढून आणा.

दोघांची एक जोडी, एका पट्ट्याला ६० मिनिटं. म्हणजे पट्ट्यामागे २ मनुष्यतास. प्राणी पकडून फोटो काढण्यात गेलेला वेळ यात धरायचा नाही, त्या वेळी घड्याळ थांबवा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरुवात केली तर एक जोडी रात्रीत तीन पट्टे करते, दोन जोड्या मिळून सहा. एका रात्री सहाही अधिवासांतला एकेक पट्टा घ्या, दुसऱ्या रात्री उरलेले सहा. हे फार महत्त्वाचं आहे. सोमवारी फक्त जंगल आणि मंगळवारी फक्त रबर केलं आणि मंगळवारी पाऊस उघडला, तर पावसाचा फरक रबराच्या नावावर जमा होतो. जोड्या आणि पट्ट्यांचा क्रमही फिरता ठेवा, नाहीतर देवराई कायम साडेसातला आणि सडा कायम अकराला असं होईल.

बॅटरी डोक्याला असली तरी एक हातबॅटरी डोळ्याच्या पातळीवर धरा. डोळ्यांची चमक परत आपल्याकडे येते ती बॅटरी डोळ्याजवळ असेल तरच. खालची पानं, वरची पानं, खोड, फांदीचं टोक अशी नजर रोज त्याच क्रमाने फिरवा. सरडे रात्री बारीक फांद्यांच्या टोकाला झोपतात आणि प्रकाशात फिकट दिसतात, दिवसा दहा मिनिटं शोधून न सापडणारा सरडा रात्री सहज मोजता येतो. व्हाळात नेहमी प्रवाहाच्या उलट दिशेने चाला, म्हणजे ढवळलेलं पाणी तुमच्या पुढे जात नाही.

ओल्या, पाणी झिरपणाऱ्या कातळाच्या उभ्या भिंती सोडू नका. इंडिराना गटातल्या बेडकांचे टॅडपोल पाण्यात नसून अशा ओल्या दगडाला चिकटलेले असतात आणि हात नेला की टुणकन उडतात. उलट झुडूपबेडकांच्या अंड्यांतून थेट छोटे बेडूकच बाहेर पडतात, त्यांचा टॅडपोल नसतोच. त्यामुळे फक्त डबकी गाळून यादी करणाऱ्यांच्या हातून तो अख्खा गट निसटतो.

---

सड्यावरचा

बादल्यांबद्दल स्पष्टच सांगतो: जून ते सप्टेंबर लावू नका.

नेहमीची रचना म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भिंती, प्रत्येकी ५ ते ७ मीटर, ताडपत्रीची किंवा जाड प्लॅस्टिकची, ५० सेंटिमीटर उंच आणि १० सेंटिमीटर जमिनीत गाडलेली. मध्ये एक आणि टोकांना तीन अशा २० लिटरच्या चार बादल्या, कड जमिनीशी अगदी सपाट. कोरड्या वाळूमातीत हे छान चालतं. कोकणात तीन अडचणी येतात. जांभा ४० सेंटिमीटर खोदताना पहारही दमते. दुसरं, पावसात जमिनीतलं पाणी वर आलं की तळाला भोकं नसलेली बादली होडीसारखी उचलली जाते, आणि भोकं पाडली तर त्यातूनच पाणी आत भरून आतले प्राणी बुडतात. तिसरी अडचण खेकड्यांची. पावसाळ्यात रानातले खेकडे बादलीत पडतात आणि सकाळपर्यंत बेडकांचे तुकडे करतात. मुंग्याही तेच करतात. चिचुंद्री पडली तर काही तासांत उपाशी मरते.

शिवाय बोटांना चकत्या असलेले बेडूक आणि पाली बादलीच्या भिंतीवरून आरामात वर चढून जातात. एवढा खटाटोप करून हाती येतात ते भेक (टोड, खरखरीत कातडीचे), सापसुरळ्या आणि चिखलातले बेडूक, जे पट्ट्यांवर तसेही दिसणार आहेत.

त्याऐवजी पालापाचोळ्याचे चौकोन करा. ५ × ५ मीटर, दिवसा, प्रत्येक अधिवासात दर फेरीला निदान तीन. आधी कडेने ३० सेंटिमीटर उंचीचं कापड पटकन उभं करा, मग चौघं चार कोपऱ्यांतून आत सरकत पाचोळा उलटा. एका चौकोनाला अर्धा तास. हातानं नाही, वाकड्या लोखंडी आकड्यानं. जमिनीवरच्या छोट्या पाली, सापसुरळ्या आणि नखाएवढे बेडूक यातच मिळतात.

देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) आणि खापरखवल्या (मातीत राहणारा साप) यांच्यासाठी वेगळं काम लागतं. पट्ट्यावर ते अपघातानेच दिसतात. जुलै ते सप्टेंबर या काळात व्हाळाकाठची, पोफळीच्या बागेतली, शेणखताच्या ढिगाखालची ओली भुसभुशीत माती निवडा. १ × १ मीटरचा चौकोन, २५ ते ३० सेंटिमीटर खोल, कुदळीने थेट घाव न घालता कडेने ढेकूळ उचलून हातमोज्यांनी फोडा. वेळ आणि खड्ड्यांची संख्या दोन्ही लिहा, आणि एकही न मिळालेले खड्डेसुद्धा लिहा. गोवा आणि दक्षिण कोकणच्या या पट्ट्यातून देवगांडुळांच्या काही प्रजाती २००३ ते २००७ या काळातच विज्ञानाला नव्याने कळल्या आहेत. म्हणून हा गट "गांडूळच असेल" म्हणून सोडून देणं परवडणारं नाही. दिसायला सारखे असले तरी गांडुळाला जबडा आणि दात नसतात, देवगांडुळाला असतात.

दगड उलटताना पलीकडची कड स्वतःकडे ओढा, म्हणजे दगड ढालीसारखा तुमच्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये राहतो. सड्यावर दगडाखाली फुरसं असणार असं धरूनच चाला. प्राणी बाजूला करून दगड आधी जसाच्या तसा ठेवा, मग प्राण्याला कडेने आत जाऊ द्या. दगड उलटा टाकून गेलात तर खालचा ओलावा संपतो आणि पुढच्या फेरीत ती जागा रिकामी मिळते. सड्यावर हे मी आवर्जून सांगतो, कारण तिथे सुटे दगड हाच बहुतेकांचा आसरा असतो.

---

पोफळबाग

वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक दुरुस्ती. फेब्रुवारीच्या फेरीत कापडी भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना तारेच्या जाळीचे नरसाळ्यासारखे सापळे लावता येतात. खोदकाम नाही, पाणी भरत नाही, आणि पट्ट्यावर हमखास चुकणारे छोटे जमिनीवरचे साप त्यात मिळतात. सापळ्यावर झापाची सावली, आत ओलं फडकं, आणि पहाटे व सूर्यास्ताला अशी दिवसातून दोनदा तपासणी. तपासायला माणूस नसेल तर लावूच नयेत.

उडत्या सरड्यासाठी सकाळी नऊ ते अकरा पोफळी, फणस, नारळ यांची खोडं पाहा. तो माणूस आला की खोडाच्या पलीकडे सरकतो. म्हणून दोघांनी समोरासमोरून एकाच वेळी खोडाकडे जायचं. एकट्याने केलेली मोजणी निम्म्यावर येते असं समजा.

पहिल्या पावसात मोठ्या बेडकांची डबकी सापडली तर त्यांचं ठिकाण व्हॉट्सॲपवर टाकू नका. गोव्यात आणि सीमेलगत खाण्यासाठी त्यांची धरपकड होते, तीही नेमकी त्याच रात्री.

---

मोजदाद

यादी "पुरेशी" झाली का, याचं उत्तर रिकाम्या नोंदींत असतं. पट्टा क्रमांक, तारीख, सुरुवात-शेवट, माणसं, तापमान, आर्द्रता, गेल्या २४ तासांतला पाऊस, आणि मग प्राणी. काहीच न दिसलेला पट्टा म्हणजे "शून्य" अशी पूर्ण ओळ. ती ओळ नसली की पुढचं सगळं गणित कोसळतं.

व्हाळकाठ यांच्या आराखड्यात १२ रात्री × ६ पट्टे = ७२ भेटी आणि १४४ मनुष्यतास होतात. प्रत्येक पट्ट्याला ६ भेटी. एखादी प्रजाती तिथे असूनही एका भेटीत दिसण्याची शक्यता ३० टक्के धरा. सहाही भेटींत ती न दिसण्याची शक्यता ०.७ चा सहावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के. हे वाचून समाधान मानू नका. फक्त जूनमध्ये बाहेर येणाऱ्या बेडकाला प्रत्येक पट्ट्यावर सहा नाही, दोनच भेटी मिळतात. तो निसटण्याची शक्यता ४९ टक्के. म्हणून "रबरात हा बेडूक नाही" असं लिहू नका. "जूनच्या दोन भेटींत आढळला नाही" एवढंच लिहा.

एकूण प्रजातींच्या अंदाजासाठी चाओ-२ सूत्र पुरतं. समजा ७२ भेटींत ३८ प्रजाती मिळाल्या. त्यांतल्या ९ फक्त एकेका भेटीत आणि ६ नेमक्या दोन भेटींत. मग ९ चा वर्ग भागिले (२ × ६), म्हणजे ६.७५, गुणिले ७१/७२. सुमारे ६.७ आले, म्हणजे अजून न दिसलेल्या प्रजाती. त्या ३८ मध्ये मिळवा. अंदाज ४५ च्या आसपास. लक्षात ठेवा, ही किमान मर्यादा आहे. खरा आकडा यापेक्षा जास्त असू शकतो, कमी असण्याची शक्यता फार थोडी. बेडूक आणि सरपटणारे यांचं गणित वेगवेगळं करा. साप जवळजवळ सगळे एकेकदाच दिसतात आणि एकत्र केलं तर तेच सगळा अंदाज फुगवतात.

अधिवासांची तुलना करताना कच्चे आकडे शेजारी मांडू नका. जंगलात १५० प्राणी आणि काजूत ३० मिळाले, तर जंगलात प्रजाती जास्त दिसणारच. दोन्ही प्राण्यांच्या एकाच संख्येवर किंवा एकाच व्याप्तीवर (पाहणी सारखीच पूर्ण झालेल्या टप्प्यावर) आणून तुलना करा. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं आयनेक्स्ट हे पॅकेज हे काम करतं आणि अंदाज किती वर-खाली होऊ शकतो तेही काढून देतं.

दिसलेले आणि फक्त ऐकलेले यांचे रकाने वेगळे ठेवा. ऐकलेले सगळे नर असतात, आणि १० मीटरवरचा झुडूपबेडूक ४ मीटरच्या पट्ट्यात धरला तर घनता उगाच वाढते. चौकोन, खड्डे, रस्त्यावर मेलेले, गावकऱ्यांनी दाखवलेले हे यादीत जरूर घ्या, पण ७२ भेटींच्या गणितात मिसळू नका.

---

काजरा

फारच उपयोगी. आराखडा बदलतोय. बादल्या रद्द.

दोन शंका. आमच्याकडे एक ऑडिओमॉथ (ठरल्या वेळी आपोआप आवाज नोंदवणारा छोटा रेकॉर्डर) आहे, तो कसा वापरावा? आणि चिखलातले छोटे बेडूक (मिनर्व्हारिया), खोडांवरच्या दिवसा फिरणाऱ्या पाली (निमास्पिस) यांची ओळख फोटोवरून होईल का?

---

व्हाळकाठ

रेकॉर्डर एकच असेल तर तो अधिवास बदलत फिरवू नका. देवराईत किंवा व्हाळापासून ३०-४० मीटर आत एका जागी ठेवा. अगदी काठावर ठेवला तर पाण्याच्या खळखळाटाखाली सगळं बुडतं. संध्याकाळी ६ ते रात्री १२, दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक चॅनल या मापाने मिनिटाला साधारण ५.८ एमबी, म्हणजे रात्रीला सुमारे ३५० एमबी. ६४ जीबीचं कार्ड महिनोन्महिने पुरतं, सेल आधी संपतात. डबीत सिलिका जेलची पुडी टाका. माइकवर थेंब थेट पडणार नाहीत असं झावळीचं छोटं छप्पर थोडं वर बांधा, चिकटून बांधलंत तर छपरावर पडणाऱ्या थेंबांचाच आवाज भरतो. तुम्ही नसलेल्या रात्रींचा हिशेब यातून मिळतो, विशेषतः जूनचा.

हाताने रेकॉर्डिंग करताना बेडूक गप्प झाला तर बॅटरी बंद करून दोन-तीन मिनिटं हलू नका. ओरडणारा दिसत नसेल तर दोघं एकमेकांपासून दोन-तीन मीटरवर उभे राहा आणि आवाज येतो त्या दिशेला दोघांनी एकदम प्रकाश टाका. दोन झोत जिथे छेदतात तिथे पाहा. निदान तीन मिनिटांची सलग नोंद घ्या आणि शेवटी तारीख, तापमान, अंतर तोंडी बोलून ठेवा. त्याच बेडकाचा फोटो हवाच, नाहीतर आवाज आणि चेहरा यांची जुळणी कधीच होत नाही.

---

सड्यावरचा

ओळखीबद्दल: दोन्ही गट पाठीच्या फोटोवरून ओळखता येत नाहीत. मिनर्व्हारियाच्या अनेक प्रजाती रंगाने एकमेकींत मिसळतात, एकाच डबक्यात पाठीवर रेघ असलेला आणि नसलेला असे दोन्ही बेडूक एकाच प्रजातीचे असतात. बेडकाचे फोटो असे घ्या: पाठ, बाजूने कानपडद्यासह, पोट, मांडीची मागची बाजू, जांघ, पुढच्या बोटांची टोकं, मागच्या पायाची पसरलेली जाळी. शेजारी पट्टी ठेवा. पालीसाठी बोटांखालच्या पट्ट्या, हनुवटीखालचे खवले, आणि नराच्या मांडीवरची व गुदद्वाराच्या पुढची छिद्रं. छिद्रांची संख्या आणि जागा हीच बऱ्याचदा निर्णायक असते, म्हणून एकतरी प्रौढ नर शोधा.

तरीही नाव बसत नसेल तर "मिनर्व्हारिया, प्रजाती १" असं लिहा. चुकीचं पक्कं नाव एकदा नोंदवहीत गेलं की पुढची वीस वर्षं ते तसंच नकललं जातं. पुस्तकातली घाटमाथ्याची नावं खाली चिकटवू नका. आंबोलीचा भेक (२००९ साली वर्णन झालेला) वरच्या कातळपठारांवरचा आहे, पायथ्याच्या सड्यावर तसा भेक दिसला तर आधी फोटो जाणकारांना दाखवा.

परवानगी: वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये पकडणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, परिशिष्टं नव्याने रचली गेली, त्यामुळे जुन्या याद्यांवर विसंबू नका. हाताळणी करणार असाल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी काढा. तिळारीचा काही भाग २०२० पासून संवर्धन राखीव आहे, तिथे स्थानिक वनक्षेत्रपालांशिवाय पाऊल नको. खासगी रान, बागा आणि देवराईसाठी मालक आणि गावाची संमती वेगळी. नमुने गोळा करण्याचा विचारही परवानगीशिवाय करू नका. फक्त पाहणं, ऐकणं आणि दुरून फोटो यांवरही यादीचा मोठा भाग होतो.

---

पोफळबाग

आरोग्य आणि स्वच्छतेचं राहिलं.

बेडूक पकडायचाच असेल तर प्रत्येकाला नवी पिशवी, आत थोडं तिथलंच पाणी आणि भरपूर हवा. भेक आणि बेडूक एका पिशवीत कधीच नको, भेकाच्या ग्रंथींचा स्राव दुसऱ्याला मारतो. हाताला डासांचं मलम असेल तर बेडकाला स्पर्शही करू नका, त्याची कातडी ते शोषून घेते. मलम कपड्यांवर आणि मानेला लावा, तळहात कोरडे ठेवा. तासाभरात, उचलला त्याच जागी सोडा.

बेडकांचा कायट्रिड बुरशीचा संसर्ग पश्चिम घाटात नोंदला गेला आहे. एका व्हाळातून दुसऱ्यात जाताना बूट आणि जाळी आधी ब्रशने चिखल काढून धुवा, मग ब्लीचच्या पाण्यात ५ मिनिटं. बाजारातलं ब्लीच ४ टक्क्यांच्या आसपास असेल तर एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी. चिखल तसाच ठेवून बुडवलं तर ब्लीचचा जोर चिखलातच संपतो. नंतर साध्या पाण्याने, व्हाळापासून लांब, खळखळून धुवा. उन्हात वाळवणं हा उत्तम उपाय आहे, पण जुलैत ऊन मिळत नाही. म्हणून बुटांचे दोन जोड ठेवा.

साप हाताळू नका. यादीसाठी त्याची गरज नाही, डोक्याचा वरून आणि बाजूने फोटो पुरतो, कात मिळाली तर खवले मोजता येतात. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते. चापडे आणि हम्पनोज पिट वायपर हे विषारी साप तिच्यात येत नाहीत, आणि ते नेमके कमरेएवढ्या फांद्यांवर किंवा पाचोळ्यात बसतात. फांदी धरून चढायची सवय मोडा. गुडघ्यापर्यंतचे बूट घाला. दंश झालाच तर आवळपट्टी नाही, चीर नाही. अवयव स्थिर, १०८ ला फोन, आणि लस असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं हे आधीच फोन करून विचारून ठेवा.

पाण्यात उभं राहण्याचं काम असल्याने लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती खरी आहे, पायाला जखम असलेल्याने व्हाळाचे पट्टे घेऊ नयेत. पावसानंतर ताप आला तर डॉक्टरांना रानात काम केल्याचं आवर्जून सांगा. फेब्रुवारीच्या फेरीत गोचिड्यांपासून जपा, या तालुक्यात माकडताप आहे. पायमोजे विजारीवर चढवा, मुक्कामी परतल्यावर लगेच कपडे गरम पाण्यात टाका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा.

आणि हत्ती. २००२ पासून ते या खोऱ्यात येतात. रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी गावात आणि वनरक्षकांकडे त्यांची त्या दिवशीची जागा विचारा. त्या बाजूचा पट्टा असेल तर रद्द करा आणि वहीत "रद्द, हत्ती" असं लिहा, म्हणजे ती भेट शून्य म्हणून मोजली जाणार नाही. वरच्या अंगाला जोराचा पाऊस दिसत असेल तेव्हा व्हाळाचे पट्टेही याच नियमाने सोडा.